रिकाम्या हातानं

(साल शेहेचाळीस. कडेगावची राहीबाई पडवीत शेंगा फोडायला बसलीय. पलटणीतनं सुटून तीन आठवड्यांमागं घरी आलेला तिचा लेक सयाजी खांबाला टेकलाय, सून विजयमाला सुपाशी.)

राहीबाई : आन् त्या गोऱ्यानं पुस्तकात लिवलं, म्हणून तू उद्या भैरोबाम्होरं बेलभंडारा उचलणार न्हाईस?

सयाजी : व्हय.

राहीबाई : पंचांनी काय मोठं मागितलंय रं? भंडारा हातात घ्यायचा आन् म्हणायचं, हिरीचं पाणी आठवड्याला चार दिस आमचं, तीन दिस शेजारच्या लालासाहेबाचं. मिटलं भांडण. इटलीत गोळी पायाला लागली का हाताला?

विजयमाला : पायालाच, आत्याबाई. हात धडधाकट हायेत. काल तिसरी भाकरी त्यांनीच वढून घेतली.

सयाजी : आये, मी सांगायला नको म्हणत न्हाई. एकेचाळीस साली मी भरती झालो तवा चार दिस पाणी आपलं व्हतं. ह्ये मी देवळात उभा ऱ्हाऊन सांगतो. पर नुसता. शपथ न्हाई.

राहीबाई : आन् ह्यो तुझा बुवा हाय तरी कोण?

सयाजी : बुवा न्हाई. क्वेकर म्हणत्यात त्याच्या पंथाला. तीनशे वर्सांमागं ह्यो विलायतेत गावोगाव हिंडून देवाधरमाचं सांगायचा. निम्मं पुस्तक तर त्यानं तुरुंगात बसून लिवलंय.

राहीबाई : घ्या! लोकांची पोरं लढाईवरनं घड्याळं आणत्यात. आमच्यानं कैद्याची वही आणली.

सयाजी : चोरी न्हवती केली त्यानं. कोर्टात शपथ घे म्हणाले, घेतली न्हाई. जज्जाम्होरं टोपी काढ म्हणाले, काढली न्हाई. म्हणून डांबला.

राहीबाई : टोपी काढली न्हाई म्हणून? आपल्यात उघड्या डोक्यानं कुणाच्या दारात गेलं, तर आधी इचारत्यात, घरातलं कोण गेलं?

सयाजी : आन् त्यांच्या देवळात पुजारी न्हाई, घंटा न्हाई. समदी गप बसत्यात. ज्याला आतनं येईल त्यो उठून बोलतो.

राहीबाई : मला तर आतनं रोज येतं.

विजयमाला : ते गावाला ठाऊक हाय, आत्याबाई.

राहीबाई : तू शेंगा निवड. चार बुकं शिकलीस म्हणून मधी तोंड घालू नको. आणिक काय म्हणतो कैदी?

सयाजी : म्हणतो, परत्येक माणसाच्या आत देवानं उजेड ठिवलाय.

राहीबाई : मग त्या रेशनाच्या राकेलाला मी सकाळधरनं उभी का ऱ्हाते? तुझ्या आतला काढ की भायेर, चिमणीत घालते.

सयाजी : हास तू. पर त्याचं एक वाक्य माझ्या डोसक्यातनं जात न्हाई. लिवलंय, शपथ घातल्यावरच जो खरं बोलतो, त्यो बाकीचा दिसभर काय बोलत असतो?

राहीबाई : ...ह्ये बरं लिवलंय मेल्यानं. पर त्याला हिरीचं पाणी न्हवतं वाटायचं. सया, भैरोबाच्यान् सांगते, लालासाहेब मागतोय ते शुक्रवारचं पाणी गेलं तर वढ्याकडचा सगळा ऊस वाळंल.

सयाजी : सकाळधरनं सात येळा भैरोबाची आण घेतलीस.

राहीबाई : त्याला काय हुतंय? त्यो आमच्या घरचाच हाय.

सयाजी : माले, त्या पुस्तकात खुणंला कागद घातलाय. काढ त्यो. वाच.

विजयमाला : ह्ये तर... ह्ये माझंच अक्षर हाय.

सयाजी : वाच की.

विजयमाला : "चिरंजीव सयाजीस आशीर्वाद. तुझ्या वडिलांची तब्येत उत्तम आहे. भैरोबाची शपथ, काळजी करू नये." मी लिवताना म्हणलं व्हतं, आत्याबाई, शपथ तरी नको.

सयाजी : बा जाऊन तवा दोन महिनं झालं व्हतं.

राहीबाई : मग काय लिवायचं? गोळ्यांत उभ्या पोराला, बा गेला म्हणून कळवायचं? आन् तू रडत बसला असतास आन्...

सयाजी : मला राग न्हाई, आये. तू मला बावीस पत्रं धाडलीस. एकवीस पत्रांत शपथ न्हाई, ती समदी खरी. एकात शपथ, तेवढंच खोटं.

राहीबाई : पत्रं मोजत बसलास, तरीच लढाई एवढी लांबली.

सयाजी : पुस्तक कुणी दिलं ते सांगतो. मी स्ट्रेचरवर. डाक्टर म्हणाला, देवाशप्पथ पाय ऱ्हाईल. मला पटलं न्हाई. मग जखमींच्या गाडीचा डायवर वाकला. क्वेकरच, त्यांच्यात बंदूक धरत न्हाईत. त्याला इचारलं, पाय ऱ्हाईल का? म्हणाला, "ठाऊक न्हाई. पर मी गाडी हळू चालवीन." आन् अठरा मैल हळू चालवली त्यानं. एक धक्का बसला न्हाई. उतरताना ह्ये माझ्या उशाला ठिवलं.

राहीबाई : त्याच्या आईला चार लुगडी मिळू देत.

सयाजी : तर आता मी तुला इचारतो. लालासाहेब म्हणतो, शुक्रवारचं पाणी बानं मरताना त्याला दिलं. त्याला साक्षीदार न्हाई. मी तर तिकडं व्हतो. बा काय बोलला व्हता का?

राहीबाई : लालासाहेब काय बी म्हणंल! भैरोबाच्यान्...

सयाजी : आये. आण नको. नुसतं सांग.

विजयमाला : ...शेंगा थांबल्या, आत्याबाई.

राहीबाई : दमल्यात बोटं. ...ही म्हायेरी व्हती, कवठ्याला. घरात मी एकली. लालासाहेबानं तीन येळा गाडी जुपली, तुझ्या बाला कऱ्हाडला डाक्टरकडं न्ह्यायला. ऐन पेरणीत, सोताची बैलं काढून. तिसऱ्या खेपंला परत आल्यावर ते म्हणाले, "लालाला शुक्रवारचं पाणी दे. आपल्या पोरानं केलं असतं ते त्यानं केलं."

सयाजी : आन् तू मला उद्या भंडारा उचलायला लावणार व्हतीस?

राहीबाई : तुला ठाऊकच न्हवतं, मग तुला कसलं पाप? तू खरंच बोलला असतास. माझं मी भैरोबाशी बघितलं असतं. आमचं जुनं हाय.

विजयमाला : आन् वढ्याकडचा ऊस?

राहीबाई : मोडायचा. शाळू घालू. शाळू काय पाप करतो?

सयाजी : मग उद्या देवळात मी काय सांगू?

राहीबाई : तू कशाला सांगतोस? तू इटलीत हिंडत व्हतास. ऐकलं मी, सांगीन मी.

विजयमाला : भंडाऱ्याचं ताट काढून ठिवू, आत्याबाई?

राहीबाई : नको. आन् त्या लालासाहेबाला आधी कळवू नकोस. एक रात तळमळू दे त्याला, तेवढा मान हाय माझा.

सयाजी : आये, बानं माझं नाव काढलं व्हतं का गं?

राहीबाई : दोनदा.

सयाजी : खरं?

राहीबाई : व्हय.