आम्हाला एक नात आहे

समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज आमचा निरोप घेणाऱ्या बाई, आणि संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गातल्या माझ्या सोबत्यांनो, सर्वांना नमस्कार.

शिलाई मशीनवर जन्म गेलेल्या माणसाला माइकसमोर उभं करणं म्हणजे छळच. पण बाईंसाठी तोही सोसते.

अध्यक्ष महाराज, आपण म्हणाल, या वयात हिला स्पॅनिश कशाला? माझ्या मुलानं परदेशी लग्न केलं. सून गुणी, नात गोड, पण दोघींची भाषा स्पॅनिश. मुलगा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा. मग तो अपघातात गेला. त्यानंतर फोन आला की सून आणि मी एकमेकींकडे बघून रडायचो आणि फोन ठेवायचो. रडक्या म्हातारीला कंटाळून नात फोनजवळ फिरकेनाशी झाली. मुलगा तर गेलाच, आता नातही हातची जाणार, या धसक्यानं मी वर्गात नाव घातलं.

बाईंची पद्धत पाहुण्यांना सांगते. फळ्यासमोर सहा खुर्च्या: मी, तू, ती, आम्ही, तुम्ही, त्या. पहिल्या खुर्चीनं स्वतःबद्दल एक खरं वाक्य बोलायचं आणि बाकीच्यांनी ते आपापल्या रूपात पुढे न्यायचं. त्या दिवशी क्रियापद होतं 'तेनेर', म्हणजे जवळ असणं. भारी लहरी प्रकरण! 'मी'ला 'तेंगो', 'तू'ला 'तिएनेस', आणि 'आम्ही'पाशी आलं की एकदम शहाण्यासारखं 'तेनेमोस'. पहिल्या खुर्चीवर मी. म्हटलं, माझ्याकडे छत्री आहे.

"छत्री दिसतेच आहे हो," बाई म्हणाल्या. "आणखी काय आहे?"

आणि थांबल्या. सगळा वर्ग थांबला. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "तेंगो उना निएता." मला एक नात आहे. आणि मला हुंदका फुटला.

कुणीही मला गप्प करायला धावलं नाही. शेजारचे औषधवाले हळूच म्हणाले, तुला एक नात आहे. बेकरीवाल्या ताई म्हणाल्या, तिला एक नात आहे. चौथ्या खुर्चीवर आमचे बसड्रायव्हर काका. एरवी त्यांची गाडी तिथे हमखास अडकायची. पण त्यांनी साऱ्या वर्गावरून हात फिरवला आणि ठणकावून सांगितलं, "तेनेमोस उना निएता!" आम्हाला एक नात आहे. त्या दिवशी मी एकटी घरी गेले नाही, बाई. हे तुमचे उपकार.

गेल्या रविवारी नात आपणहून फोनवर आली. विचारते कशी, "आजी, बाबा कसा होता गं?" आता आली का पंचाईत! आपला वर्ग वर्तमानकाळाच्या पुढे सरकलेलाच नाही. मग येत होतं तसंच सांगितलं. तुझ्या बाबाच्या हनुवटीवर तीळ आहे. त्याला कुत्र्यांची भीती वाटते. त्याला सारखी भूक लागलेली असते. नात खिदळत होती. मागे सून उभी होती. तिनं माझी चूक सुधारली नाही.

बाई, भूतकाळ शिकवायचा राहिला म्हणून तुम्ही परवा हळहळलात. नवे शिक्षक शिकवतील, मी मन लावून शिकेन. फक्त रविवारच्या फोनवर तो वापरणार नाही. माझ्या बोलण्यात आज काही कमीजास्त झालं असेल, तर त्यासोबत एवढी एक चूकही पोटात घाला.