आईचा चिनी राजपुत्र

तुम्हाला आठवतंय ना, फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत दोहाचे रस्ते रोज नवीनच कुठेतरी वळवलेले असायचे? साइटवरून अल मुंतझा भागातल्या घरी पोहोचेपर्यंत माझं डोकं गरगरलेलं असायचं. त्यात नाशिकहून आलेली आई दारातच चिनी राजवाड्याची सिरियल सांगायला लागायची. सबटायटल इंग्लिश. आईला ती चष्म्याशिवाय दिसत नाहीत आणि चष्मा लावून कळत नाहीत.

"धाकट्या राजपुत्राने आज सेनापतीच्या मुलीला लग्नाचं वचन दिलं."

"काल वैद्याच्या मुलीला दिलं होतं ना?"

"तेच तर! तिकडे भाऊ गादीवर टपलेत आणि हा मेला दोन्हीकडे गोड बोलतोय."

"पण राजा काल मेला. मग आज सिंहासनावर कोण?"

"सासरा असेल."

ताटावर बसून मी नाती जुळवत राहिलो. शेवटी माझी मुलगी वैतागली. "आजी, दीज आर टू डिफरंट शोज!"

मी समजावलं, "आई, दुपारची सिरियल वेगळी, संध्याकाळची वेगळी. नट तेवढा एकच."

आईने माझ्या ताटात पोळी वाढली.

"तरीच म्हटलं, त्या दोघी अजून एकमेकींना भेटल्या कशा नाहीत!"