वाचून न दाखवलेले मेल

— नाई जी गजेंद्रभाऊ, घाई काय हाय, कम्प्युटर कुठं पळून चालला? चहा तर घ्या. हे बाजारातून यायले अर्धा तास तरी लागन, शेजारचे महादेवराव हायेत संगं. आन् खरं सांगू? स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या तुमच्या त्या सॉफ्टवेअरची आमाले गरजच काय? काचबिंदूनं ह्यांचे डोळे गेले त्याले सहा वर्षं झाले, तवापासून मीच वाचते ना — हार्मोनियम दुरुस्तीचा तो गट हाय, देशभरातले लोक मेलवर एकमेकाले शिकवतात — मी वाचते, हे हातानं चाचपून करतात. आता पुलगावातल्या अर्ध्या भजनी मंडळांच्या पेट्या आमच्याच घरी येतात. एक विचारू? तुमचं मशीन फोटो वाचते का? नाई ना! पाहा मंग. नागपूरचा थो ओमप्रकाश लिहिते, ‘फोटोत बाण दाखवला तो स्क्रू ढिला करा’ — आता बाण कुठं हाय, कोण सांगन? मशीन नुसतं ‘इमेज’ म्हनन आन् चूप बसन. मी सांगते — भात्याच्या डाव्या अंगाले, तुमच्या करंगळीखाली. हाय का तुमच्या सीडीत करंगळी?

बरं, ते जुने मेलबी वाचते का? समदे? आपून पाठवलेलेबी? — नाई, सहजच विचारलं. म्हनजे, तीनेक मेल काढून टाकता आले असते तर… चोराच्या मनात चांदणं म्हनान तुमी. थो ओमप्रकाशच, त्यानं लिहिलं होतं — नागपूरले या, सहा महिने राहा, ज्याईले दिसत नाई अशा दहा जनाईले पेटी दुरुस्ती शिकवा, राह्याची सोय आमी करतो. तीनदा लिहिलं. मी वाचलंच नाई. म्हनजे मी वाचलं, ह्याईले वाचून नाई दाखवलं. ‘काय म्हनते ओमप्रकाश?’ — ‘नमस्कार सांगते.’ आन् ह्यांच्याच नावानं कळवून देल्लं, तब्येत बरी नसते, जमनार नाई. काऊन म्हनजे? दोन वर्षांआधी एकटे निघाले तर नालीत पडले, कपाळाले सात टाके! तिथं कोण हात धरन? — आन् धरलाच कोनी, तर मंग मी काय करू इथं? दिवसभर ‘प्रमिला, पुढं वाच’ ऐकाची सवय झाली मले. लेकरू ना बाळ. लाज वाटते जी सांगाले, पन तसंच हाय.

तर ते तीन — काय? ऐकले? कोनी, ह्याईनं? कवा? मंगळवारी? मंगळवारी तर हे महादेवरावांकडं — वर्ध्याले? तुमच्या सेंटरवर? रेल्वेनं, एकटे? कुठं लागलं-गिगलं नाई ना? … तिथल्या मशीनवर समदे मेल ऐकले? मी लिहिलेलेबी? अवो पाच दिवस झाले त्याले! आज सकाळीच मले म्हनाले, ‘पाह्य बरं, ओमप्रकाशचं काही आलं का.’ मी म्हटलं, नमस्कार सांगते. तर म्हनाले, ‘माझाबी सांग.’ हसले बी नाई, रागावले बी नाई.

मंग नागपूरचं? … घरी विचारून कळवतो म्हनून ओमप्रकाशले लिहिलं? मले तर काही विचारलं नाई. आन् तुमाले काय म्हनाले, खरं सांगजा — ‘तिले काही बोलू नोका, ती सोताहून सांगन’ — असं म्हनाले?

मंग तुमी काऊन सांगतलं जी मले? आता मी सोताहून कसं सांगू?

राहू द्या तो चहा. लावा तुमचं काय ते, आन् हे यायच्या आत जा.