डावीकडं ओढणारी मोटर

मंडळी, ऐका. आज आवाज बसलाय, अंगही दमलंय, तेव्हा एकच प्रश्न विचारतो. चुकलेलं माणूस सुधारलं, देवानं त्याला पदरात घेतलं — पण घरच्यांनी घेतलं का? उत्तर देऊ नका! तुम्ही लगेच शेजारच्याकडं बघाल.

आष्ट्याला आबा वाळवेकर म्हणून एक गृहस्थ. वडिलांच्या वेळची फियाट होती त्यांच्याकडं. ती डावीकडं ओढायची. स्टिअरिंग जरा सोडलं की चालली गटाराकडं! मग आबांनी काय केलं? दुरुस्त केली? छे! स्टिअरिंग कायम उजवीकडं दाबून धरायचं — झालं. वर्षानुवर्षं हेच. खांदा भरून यायचा, बायको बिचारी तेल चोळायची, आणि आबा गावभर मिरवायचे, ही गाडी माझ्याशिवाय कुणाला ऐकत नाही म्हणून.

त्या घरात ओढणारं आणखी एक होतं. थोरला मुलगा, विलास. तो बाटलीकडं ओढायचा. आबांनी त्यालाही तसंच धरलं. कपाटाला कुलूप, मित्रांवर नजर, घरी आला की आधी तोंडाचा वास.

पण विलास सुटला बरं का! दारू सोडली, गळ्यात माळ घातली. वर्ष उलटलं, दुसरं लागलं. आबांचं नाक मात्र दारातच उभं! एकदा पोरगा देवळातून आला, हातात प्रसाद, आणि आबा म्हणाले, "तोंड उघड."

विलासनं तोंड उघडलं. वास घेऊ दिला. आणि चार दिवसांनी आईला सांगितलं, पुण्याला काम बघितलंय, आता तिकडंच राहतो. परत यायचं काही बोलला नाही.

आबांना लागलं हो. फार लागलं. पण बापानं सांगायचं कुणाला? म्हणाले, स्टँडवर मीच सोडतो. आता गाडी तर इतकी ओढायला लागलेली की स्टँडपर्यंत पोचायचा भरवसा नाही. तेव्हा कुठं ती इस्माईल मिस्त्रीकडं नेली. त्यानं पुढची चाकं उतरवली. आत चाक ज्यावर वळतं ते किंगपिन झिजलेले, त्यांचे बुश गेलेले, एका बाजूची स्प्रिंग बसलेली. सगळं नवं घातलं, चाकं सरळ केली, गाडी दारात आणून लावली, आणि सांगितलं की आता हिला धरायला लागत नाही.

बापलेक निघाले. कारखान्याच्या रस्त्याला लागले, आणि गाडी चालली उजवीकडं! समोरून उसाचा ट्रॅक्टर! कशीबशी आवरली. थोडं पुढं गेले — पुन्हा उजवीकडं. आबांनी गाडी कडेला लावली आणि मिस्त्रीचा उद्धार सुरू केला. चांगली गाडी बिघडवली म्हणे!

विलास हळूच म्हणाला, "आबा, ती सरळच चाललीय. तुम्ही ओढताय."

मंडळी, दोष मोटरीतून गेला होता. हातात राहिला होता.

आबा आपल्या हातांकडं बघत बसले. मग म्हणाले, "दमलो रे विलास. तुला धरून धरून दमलो." खाली उतरले, फिरून पलीकडं आले, त्याचं दार उघडलं. "तू चालव."

"स्टँडवर?"

"तू म्हणशील तिकडं."

विलास चालवायला बसला. शेजारी आबा — मुठी आवळलेल्या, पायानं नसलेला ब्रेक दाबतायत! पण हात काही स्टिअरिंगकडं गेला नाही. स्टँड आला. विलासनं गाडी थांबवली नाही. आई जेवायची थांबली असेल, एवढंच म्हणाला, आणि पुढच्या चौकातून घराकडं वळवली.

आता तुम्हीही घरी जाल. दार कोण उघडेल? कधीतरी उलट बोललेली सून. ओसरीवर कोण असेल? कधीतरी फसवून गेलेला भाऊ. त्यांची चाकं देवानं केव्हाच सरळ केली असतील हो, तुम्ही अजून ओढताय. खांदा दुखतोय ना? मग सोडा की!

टाळ खाली ठेवा. विठ्ठलाचं नाव घ्या आणि नुसत्या हातांनी टाळी द्या. हात उघडा, बाबांनो. मुठीनं टाळी वाजत नाही.