गॉसबाईंचा मखमली सोफा

नाही नाही, नाटकवाल्यांचं नाव माझ्यासमोर काढू नका! तुम्हाला सांगतो, टोळधाड परवडली, ती निदान पीक खाऊन मुकाट पुढच्या गावाला जाते. ही माणसं आधी तुमच्या बायकोशी गोड बोलतात, मग दुकानातलं सामान उचलतात आणि वर तुम्हालाच ‘कलेचे आश्रयदाते’ म्हणून नमस्कार ठोकतात! मी कसला डोंबलाचा आश्रयदाता? मी आपला खुर्च्या करणारा माणूस!

बरं, नुसत्या खुर्च्याच नाहीत. आमच्या पाइन फोर्क गावात लाकूडकाम करणारा मी एकटा, म्हणजे पाळणा माझ्याकडचा, पलंग माझ्याकडचा आणि शेवटची पेटीही माझ्याकडचीच. गिऱ्हाईक एकदा आलं की जन्मभर… जन्मभराच्या थोडं पुढेसुद्धा! त्यात डीकन गॉस म्हणजे आमच्या चर्चमधलं बडं प्रस्थ, आणि त्यांचं घराणं म्हणजे माझी दुभती गाय. पण त्या घरात शब्द चालतो तो गॉसबाईंचा. डीकनसाहेब प्रार्थना सांगतात तीही बाईंकडे एकदा बघून! ही बाई रुसली की अख्खं घराणं शेजारच्या गावात जाऊन खुर्च्या घेणार. आता तुम्हीच सांगा, मी तिला भिऊ नको तर काय करू?

तर या बाईंनी माझ्यामार्फत थेट सिनसिनाटीहून सोफा मागवला. हिरवी मखमल, सिंहाचे पाय, पाठीवर द्राक्षांचे घोस… असा सोफा आमच्या गावानं जन्मात पाहिला नव्हता! आला, तर बाई म्हणतात, "हॅस्केल, माझ्या दिवाणखान्याच्या भिंतींना नवा कागद लावलाय, तो वाळेपर्यंत सोफा तुमच्याकडेच राहू दे. पण लक्षात ठेवा, त्यावर कुणी बसता कामा नये!" अहो, कोण बसतंय? मी त्याच्या बाजूनं जाताना श्वाससुद्धा जपून घेत होतो!

आणि नेमका तेव्हा उगवला प्रोफेसर डेलाकोर. कशाचा प्रोफेसर ते त्याच्या आईलाही ठाऊक नसेल! मिशांना मेण, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि मागे गाडाभर नटमंडळी. आता नाटकमंडळी काही पलंग-कपाटं घेऊन गावोगाव हिंडत नाहीत. ज्या गावी खेळ, त्या गावच्या दुकानातून सामान उसनं घ्यायचं आणि दुकानदाराला फुकट तिकिटं द्यायची, हा रिवाजच आहे. मी म्हटलं, "हव्या तेवढ्या खुर्च्या न्या. मी आपला खुर्च्या करणारा माणूस!" पण त्याचा डोळा गेला सोफ्यावर. "अहाहा! आमची नायिका यावरच मूर्च्छित होणार!"

"मुळीच नाही," मी म्हटलं, "तो विकला गेलाय."

तेवढ्यात आमची ही आतून बाहेर. लव्हिनिया. पीठ लागलेले हात तसेच! "अहो, देऊन टाका ना! एका संध्याकाळचा तर प्रश्न. आणि गॉसबाईंना कळणार कसं? त्या तर नाटकघराला नरकाची ओसरी म्हणतात!" हे मात्र खरं होतं. बाईंनी उभ्या आयुष्यात नाटकाचं तोंड पाहिलं नव्हतं. मी विचार केला, जी बाई ओसरीवर पाऊल ठेवत नाही तिला आतला सोफा दिसणार कुठून? दिला! तुम्हाला सांगतो, बायको आणि प्रोफेसर एका बाजूला झाले की शहाण्यानं आपली अक्कल पाजळू नये, कारण ती कुणी विचारत नाही.

संध्याकाळी धान्याच्या वखारीवरच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. दिवे लागले, गाव लोटलं, ही नवी टोपी घालून मिरवतेय… आणि दारातून कोण यावं? गॉसबाई! काळा पोशाख, काळे हातमोजे, मागे डीकनसाहेब! मी लव्हिनियाला कोपर मारलं, तर ती म्हणते, "अहो, तुम्ही जाहिरात वाचली नाहीत का? त्यात नाटक कुठे म्हटलंय? ‘बाटलीचा अंत: एक नीतिपर व्याख्यान, दृश्यांसहित’!" बघा तो चोर! नाटक म्हटलं की चर्चवाले घरी बसतात, आणि व्याख्यान म्हटलं की पहिली रांग त्यांचीच! पाद्रीबुवांनी म्हणे चर्चमध्ये शिफारससुद्धा केली होती. मी त्या रविवारी डुलक्या घेत होतो, त्याचं फळ.

पडदा वर गेला. समोर हिरवागार सोफा! मला बाईंची फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठ अशी ताठ झाली की मला इकडे घाम फुटला. नायिका आली, सोफ्याच्या एका कोपऱ्यात मूर्च्छित झाली, धपकन! बाईंच्या टोपीवरची पिसं थरथरली. मग आला तिचा दारुडा नवरा, फिंच नावाचा नट. हा पठ्ठ्या पडद्यामागून वेळेवर यायचं सोडून तबेल्यात घोडा बघायला गेला होता, तिथून पळत आलेला, बुटांना हा एवढा चिखल! आला, झोकांडी खाल्ली, आणि लांबलचक पसरला की हो सोफ्यावर… बुटांसकट!

गॉसबाई उठल्या.

मी डोळे मिटले. म्हटलं, हॅस्केल, गेलं दुकान! ऐकू आलं ते एवढंच, ठाक ठाक ठाक, बाई पायऱ्या चढून रंगमंचावर! "ऊठ मेल्या!"

पण फिंच म्हणजे मुरलेला नट. त्याला वाटलं, बाई आलीच आहे तर तिला नाटकातच घ्यावी. त्यानं हंबरडा फोडला, "आई! आई, तू आलीस!"

"मी कुणाची आई नाही! आधी बूट काढ! घरात बायको मूर्च्छित पडलीय आणि हा चिखलाचे पाय घेऊन लोळतोय! लाज नाही वाटत?"

"वाटते गं आई!" म्हणत त्यानं बूट काढले, एकेक करून, ढसाढसा रडत. आणि तुम्हाला सांगतो, हॉलमध्ये लोहाराच्या हुंदक्यानं जी सुरुवात झाली… अख्खं गाव रडतंय! बाईंनी वळून त्या रडणाऱ्या गावाकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज चढवला, "दारू सोडशील?" "सोडली!" "शप्पथ?" "शप्पथ!" टाळ्या! शिट्ट्या! बाई आजवर जन्मभर लोकांना ताठ बसा, गप्प बसा म्हणत आल्या, पण टाळी म्हणून कुणी वाजवली नव्हती. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे.

खेळ संपल्यावर मी मान खाली घालून पुढे गेलो. "बाई, सोफा मी परत घेतो…"

"परत? उद्या सकाळी माझ्या घरी पोचला पाहिजे!" मी तर नाचायचाच बाकी होतो! "आणि हॅस्केल, माझ्या परवानगीशिवाय तो इथे आला, हे मी विसरायला तयार आहे. फक्त गुरुवारी शिवणमंडळाच्या बायका येतायत, त्यांना तो प्रसंग बघायचाय. आई मी आहेच. दारुडा हवा."

"डीकनसाहेब…?"

"डीकन लोळतील? शोभेल का? तुम्ही आपले खुर्च्या करणारे माणूस, तुम्हाला काय झालंय!"

तेव्हापासून दर गुरुवारी, तुम्हाला सांगतो, मी थंड चहा पिऊन झोकांड्या खातो, माझ्यापेक्षा वयानं लहान बाईला "आई गं" म्हणून हाका मारतो आणि वीस बायकांसमोर बूट काढून रडतो. परवा मोजे फाटके निघाले, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या, दारुड्याला शोभतात." आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात रडते कोण? लव्हिनिया! "अहो, किती खरं वाटतं!" म्हणते. आता काय बोलणार… सोफा विकला गेला, सोबत मीही गेलो, आणि पैसे मात्र एकट्या सोफ्याचेच मिळाले!