मेजरांच्या तोंडाशी आलेला शब्द

सुनंदाताई, इरा, आणि मायदेशापासून इतक्या दूर, अप्पर हटच्या या हॉलमध्ये जमलेल्या मराठी मंडळींनो,

एरवी माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. आज तो मलाच धरवत नाहीये. मेजर सबनीस गेले, हे वाक्य दोन दिवस घोकतोय, तरी नीट येत नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. दारातच इरानं, त्यांच्या नातीनं, विचारलं, "जाधव अंकल, आजोबांना माझं गाणं आवडायचं नाही ना? ही नेव्हर सेड 'वा'. नॉट वन्स."

बाळा, याचं उत्तर मला माहीत आहे. तुझ्या आजीला, सुनंदाताईंना विचारूनच आज सांगतोय.

वीस वर्षं डेअरीच्या काउंटरमागे उभा आहे. कोण काय बोलत नाही, ते मला आधी ऐकू येतं. गणपतीत मुलं गायची, आपण सगळे वा वा करायचो. मेजर डोळे मिटून मांडीवर ताल धरायचे. तोंड बंद. एकदा दूध न्यायला आले तेव्हा मी छेडलं, "काय मेजर, तुमची दाद रेशनवर मिळते का?"

हसले. मग बाटली काउंटरवर ठेवली आणि सांगायला लागले.

लंकेत यादवी चालू होती. भारतीय शांतिसेनेतली यांची तुकडी एका तपासणी नाक्यावर. सायकलवर मडक्यांचा डोंगर रचून एक कुंभार आला. जवानानं हात वर केला, तो थांबला. एक पाय जमिनीवर, एकही मडकं हललं नाही. ते बघून मेजरांच्या तोंडून आपसूक निघालं, "वा! वा!"

तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'.

तो आला. जवानानं गोळी झाडली. कुंभाराचा पाय गेला.

चौकशीत सगळी बोटं जवानाकडे. मेजरांचं 'वा' कागदावर कुठंच नव्हतं. गप्प राहिले असते तर कोण विचारणार होतं? ते म्हणाले, "जवानानं दिसलं ते केलं. कुंभारानं ऐकलं ते केलं. बोललो मी. माझ्या नावावर लिहा."

जवान सुटला. मेजर शेवटपर्यंत मेजरच राहिले.

हे कर्नल का नाही झाले, अशी आपल्यात कुजबुज होती ना? होती. मीही केली आहे. 'नेतृत्व' विषयावर भाषण द्या म्हणून आपण दोनदा त्यांच्या मागे लागलो. दोन्ही वेळा म्हणाले, "त्यापेक्षा मी खुर्च्या लावतो." आणि लावल्या. मला विचाराल तर भाषण त्या दिवशी काउंटरवर झालं. म्हणाले, "यादवीत समोरचा कोण, तेच कळत नाही हो. अशा वेळी अधिकाऱ्याचा प्रत्येक शब्द हुकूम असतो. सहज निघालेलासुद्धा."

मी म्हटलं, "अहो, पण इथं कुठला नाका? नातीला तरी म्हणा."

"रोज ठरवतो, जाधव. तोंडाशी येतो. मग ती सायकल दिसते."

इरा, ऐकलंस? तुझ्या प्रत्येक गाण्याला तो शब्द त्यांच्या तोंडाशी यायचा. प्रत्येक गाण्याला.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मग इरा, जमलं तर दोन ओळी गा. आजोबांच्या वाटणीचं 'वा' मी म्हणेन. मोठ्यानं.

मेजर, घाबरू नका. इथं सगळ्यांना मराठी कळतं.