खुंट ठेवायचा का?

१९४३च्या माघात, माझे वडील आप्पा वारले त्याच्या आदल्या दिवशी, ते आणि मी लोणावळ्याच्या मोटारस्टँडवर बसलो होतो. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून ड्रायव्हर मोटारीच्या मागच्या भट्टीत लाकडी कोळसा भरत होता. शेजारी एक म्हातारी आणि तिची भाची बसली होती. आप्पांच्याच ठेक्याच्या रानात त्या कोळसा पाडत. पण त्यांनी मुकादम तेवढा पाहिलेला, आप्पांना त्या ओळखत नव्हत्या.

"सावित्रे, मुकादम म्हनतो, आता मुळं बी खना."

"झाडाचा खुंट न्हाई ठेवायचा, मावशे?"

"न्हाई. मोटारीस्नी कोळसा पुरंना म्हनं."

"मग फुटवा कुटनं यील?"

"त्येच इचारलं म्या. माज्या आयनं जाळल्यालं रान म्या दोनदा जाळलं. धूर वर गेला, खुंटाला पानं आली, पुन्यांदा रान झालं. आता धूर जाईल त्यो जाईलच."

"झरा बी आटलाय. माघात अंग तापतंय."

"ठेकेदाराला कोन सांगनार? त्यो कशाला चढतोय डोंगर?"

"चढंल की, मोटारीत बसून! आपलाच धूर सोडीत."

आप्पांना कमी ऐकू येई. "काय म्हणतात गं त्या?"

"मोटारीला उशीर आहे म्हणतात."

तेराव्यानंतर मुकादम घरी आला.

"ताई, उद्यापासून मुळं खणायला घेतो."

"नका खणू."

"आप्पांनीच सांगितलं होतं."

"आप्पांना खरं काय ते कुणी सांगितलं नव्हतं. मला ऐकू आलं होतं, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले."